दुसरा लॉट

सकाळचे नऊ वाजले होते. शेडच्या डाव्या अंगाला दोनशे शर्ट वाळत होते, उजव्या अंगाला दोनशे, आणि मधल्या वाटेने दानेश्वरी हातात वीतभर कापडाचा तुकडा घेऊन फेऱ्या मारत होती. फेऱ्या मारल्याने रंग बदलत नाही, हे करजगींच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तिलाही ते कळत होतं, पण पाय थांबत नव्हते.

तुकडा पुण्याहून आलेला. ऑर्डर देणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी मागच्या बाजूला सही करून पाठवलेला: असाच रंग, असाच उतार, चारशे नग. वर खांद्याशी डाळिंबाच्या सालीचा पिवळा, तिथून खाली उतरत राखाडी, आणि घेराशी शाळेच्या पाटीसारखा काळा. पिवळ्यातून काळ्यात जाताना रेघ कुठेच दिसायची नाही, यातच सगळी गंमत होती. डावीकडचा पहिला लॉट तुकड्याशी बरोबर जुळत होता. उजवीकडचा दुसरा लॉट मात्र छातीपासूनच काळवंडला होता आणि त्याच्या खांद्यांवर शेवाळाची कळा आली होती. रेघ तर अशी, की आंधळ्याने बोट फिरवून दाखवावी.

मॅडम बाराला येणार होत्या.

करजगींचं डाईंग म्हणजे सुताचं. चादरीचं सूत, टॉवेलचं सूत. आधी सूत रंगवायचं, मग विणायचं, मग शिवायचं. या घराला तीन पिढ्या दुसरं काही ठाऊक नव्हतं. दानेश्वरी डिझाइनचं शिकून आली आणि तिने ते सगळं उलटं केलं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बायकांकडून आधी पांढरे शर्ट शिवून घेतले, शिलाईचा दोरासुद्धा सुती, म्हणजे तोही रंग पितो. मग अख्खा शर्ट डाळिंबाच्या सालीत पिवळा करायचा, दांडीला टांगायचा आणि लोखंडाच्या पातळ पाण्यात छातीपर्यंत सोडायचा. गुळाच्या पाण्यात जुनं लोखंड गंजवून हे पाणी करतात. ठरलेल्या वेळाने दांडी चार-चार बोटं वर घ्यायची. जो भाग पाण्यात जास्त वेळ राहिला तो काळा, कमी राहिला तो राखाडी. महेश्वरकाकांनी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा म्हणाले होते, "हिचं म्हणजे आधी बारसं, मग लग्न."

सुताचं काम आटत चाललं होतं, आणि काकांना ही शेड सिमेंटच्या गोदामाला भाड्याने द्यायची होती. दानेश्वरीला ती हवी होती. दिवाळीत अज्जांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ईश्वरप्पांनी, दोघांना समोर बसवून निकाल लावला. पोरीची पहिली ऑर्डर पास झाली तर शेड तिची. न्हाय झाली तर महेशची, आणि मग कुणी तोंड वर करून बोलायचं न्हाय.

दानेश्वरी हौदापाशी आली. बिरप्पा तिथे दांड्या पुसत बसला होता. तेहतीस वर्षं तो याच हौदावर होता.

"बिरप्पामामा, मी सालीची पोती आणायला माळशिरसला गेले, त्या दिवशी लोखंडाचं पाणी किती टाकलं?"

"जेवडं टाकायचं तेवडं टाकलं."

"मी तीन बादल्या सांगून गेले होते."

"व्हय."

"तीनच टाकल्या?"

बिरप्पाने डोक्याचा पटका सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला. "मला काय इचारू नगंस बाय," तो म्हणाला आणि दांडी पुसायला लागला. ती दांडी आधीच कोरडी होती.

*

महेश्वर फाटकातून आत शिरला, दोन्ही अंगांचे शर्ट त्याने एकदाच बघितले आणि त्याला सगळं कळलं. चाळीस वर्षं रंगात हात घातलेल्या माणसाला दोनदा बघावं लागत नाही.

त्याला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो जास्तच मोठ्याने बोलला.

"मी म्हटलं नव्हतं? दोनशेला दोनशे जुळत नाहीत, आणि चालले पुण्याला माल विकायला!"

त्याच्या मागून त्याची बायको प्रेमला डबे घेऊन येत होती. पाहुणीसाठी कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे. भांडण कुणाचंही असो, पाहुणी उपाशी जायची नाही हा तिचा कायदा. सगळ्यात मागे दानेश्वरीचे वडील, शिवशरण. शिवशरण नेहमी मागे असायचा. थोरला भाऊ बोलला की मान हलवायची, मुलगी बोलली की तिच्याकडेही हलवायची, असा त्याचा स्वभाव होता.

"काका, पहिला लॉट जुळतोय की," दानेश्वरी म्हणाली. "तो मी स्वतः काढलाय. दुसऱ्याला काहीतरी झालंय."

"काहीतरी म्हणजे? रंग काय स्वतः उठून हौदात पडला? हौदावर कोण होतं?"

सगळ्यांनी बिरप्पाकडे बघितलं.

"डुलकी लागली असेल," शिवशरण म्हणाला. भाऊ आणि मुलगी दोघांनाही दुखवायचं नसेल तर बिरप्पा सोयीचा होता. "वय झालं आता त्याचं, दादा."

"मी न्हाय झोपलो, धाकले मालक."

"मग दांडी वेळेवर का उचलली नाहीस?"

बिरप्पाने मान फिरवली. तो वाटेकडे बघत राहिला. महेश्वर चिडला. "बोल की! तेहतीस वर्षं खाल्लंस ना या हौदाचं? का आता जायच्या वेळी आमचं नाक कापायचं ठरवलंस?"

"काका, त्यांना बोलू नका."

"तुला पुळका आलाय ना? मग बाराला मॅडमला सांग, आमच्या गड्यानं माल बिघडवला. बघ ती काय म्हणते."

तेवढ्यात काठीचा आवाज आला, आणि बिरप्पा उठून उभा राहिला.

*

ईश्वरप्पा शहात्तर वर्षांचे होते. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत एकेकाळी दोन मालकांचं रंगावरून जुंपलं की ईश्वरप्पांना बोलवायचे. ते यायचे, सुताची लडी उन्हात धरायचे, सांगायचे, आणि भांडण तिथेच मिटायचं. करजगींची नजर म्हणत. घरात तर तिच्यावर कुणी शंका घेतली नव्हती. महेश्वर हुज्जत घालायचा, पण ती हुज्जतच.

"कशाचा दंगा हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन लॉट जुळत नाहीत, आप्पा," महेश्वर म्हणाला. "बिरप्पानं घोळ घातला."

"बिरप्पानं?" ईश्वरप्पा हसले. "बिरप्पा काय करतोय? मी हुतो की हौदावर."

दानेश्वरीच्या हातातला तुकडा चुरगळला.

"पोर माळशिरसला गेलती. मी म्हणलं, मी बघतो. तिचं लोखंड लई पातळ. काळं उठंना, सगळं आपलं पिवळं-पिवळं. मग मी आनखी दोन बादल्या टाकायला लावल्या. एक बुडी जास्त दिली." ते उजवीकडच्या शर्टांपाशी गेले. एकाची बाही त्यांनी अंगठ्याखाली घेतली आणि डोळ्यांजवळ नेली, फार जवळ. "हा बघ. हा रंग. त्यो पहिला लॉट कच्चा हाय."

रस्त्यावरून एक टँकर गेला.

"अज्जा," दानेश्वरीने तुकडा पुढे केला. "मॅडमनी मंजूर केलेला हा तुकडा आहे. पहिला लॉट याच्याशी जुळतो."

त्यांनी तुकडा घेतला, उन्हात धरला, परत दिला. "उन्हानं उतरलाय ह्यो. मला तुकडा लागत न्हाय. रंग माझ्या डोक्यात हाय." मग ते वळले. "बिरप्पा, बारा वाजायला लई येळ हाय. पहिला लॉट काढ दोरीवरनं. समदा परत बुडवू. चारशे एकसारखे होतील."

"जी, मालक," बिरप्पा म्हणाला, पण हलला नाही.

"काढ की!"

शिवशरण पुढे झाला. त्याला एकदम सोपं वाटायला लागलं होतं. "आप्पा म्हणतात तर काढूया. आप्पांच्या नजरेपुढं तुकडा काय?" आणि त्याने खरंच दोरीवरचा पहिला शर्ट ओढला.

*

प्रेमलाने डबे खाली ठेवले.

दोन वर्षांपूर्वी मामंजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती, कारण घरातले पुरुष कामात होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, सोपं ऑपरेशन आहे. मामंजींनी एकच विचारलं, "नवं भिंग घातल्यावर रंग जसेच्या तसे दिसतील काय?" डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, उलट जास्त स्वच्छ दिसतील. निळा आत्तापेक्षा निळा दिसेल, पांढरा पांढरा दिसेल, पहिल्यांदा जरा वेगळं वाटेल.

त्या 'वेगळं' शब्दावर सगळं अडलं. रिक्षात बसल्यावर ते म्हणाले, "ब्याडव्वा. न्हाय करायचं. साठ वर्षं ज्या डोळ्यानं रंग लावले, त्योच डोळा बदलायचा? मग त्ये समदे रंग खोटं ठरले की." आणि त्यांनी तिला सिद्धरामेश्वराची आण घातली, घरात कुणाला सांगायचं नाही.

तिने सांगितलं नाही. स्वच्छ धुतलेला सदरा बघून ते म्हणायचे, "पिवळा पडलाय गं." ती म्हणायची, बदलून देते, आणि तोच सदरा पुन्हा घडी घालून द्यायची. गोळ्या ती हातावर काढून द्यायची, कारण त्यांना त्या सगळ्या एकाच रंगाच्या दिसत. दोन वर्षं असं रेटलं. तिला वाटलं होतं, रंगाचं काम तर आता संपतच आलंय, कुणाचं काय बिघडणार आहे.

आता शिवशरणच्या हातावर तिसरा शर्ट पडत होता. तिने मान वर करून दानेश्वरीकडे बघितलं, आणि लगेच खाली घातली. आण मोडायची तिची हिंमत झाली नाही. पण दानेश्वरीला तेवढं बघणं पुरलं.

*

दानेश्वरीला शिकवलं होतं ते याच माणसाने. पाच वर्षांची असताना तिला मांडीवर घेऊन लडीतले सात लाल वेगळे करायला लावले होते. कॉलेजातल्या मुलींना पुस्तकातून जे कळायचं ते तिला आधीच ठाऊक होतं, कारण अज्जांनी ते डोळ्यात घातलं होतं. तिचा जीव होता त्यांच्यावर. आणि शेडही तिला जिवापाड हवी होती. दोन्ही एकाच वेळी हातात राहणार नाहीत, हे तिला आत्ता, या क्षणी कळलं.

"बाबा, थांबा," ती म्हणाली.

शिवशरण थांबला नाही. तिने जाऊन त्याच्या हातावरचे शर्ट काढून घेतले आणि छातीशी धरले.

"अज्जा, हा लॉट हौदात जाणार नाही."

"का गं?"

"हा बरोबर आहे. तुम्ही काढलेला चुकलाय."

"पोरी," ईश्वरप्पा शांतपणे म्हणाले, "मी चुकतो म्हणतीस?"

"तुम्ही नाही चुकलात. तुम्हाला..." तिने शर्ट आणखी घट्ट धरले. मग ती बोलली, आणि तिला वाटलं त्यापेक्षा फार मोठ्याने बोलली. "अज्जा, तुम्हाला दिसत नाही."

शिवशरण ओरडला, "दानू! कुणाशी बोलतेस?"

"सोलापुरात हे कुणी म्हणलं न्हाय मला," ईश्वरप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा कागदासारखा कोरा झाला होता. "बरं. एका पोरीच्या म्हणण्यावर काय जातंय. महेश, तू सांग. तुलाबी रंग कळतो. कंचा बरोबर?"

*



बरोबर कोणता हे महेश्वरला फाटकातच कळलं होतं. आणि आता त्याला आणखी एक गोष्ट कळली. 'दुसरा' एवढा एक शब्द उच्चारला की बापाची अब्रू राहत होती. पहिला लॉट हौदात जात होता, बाराला ती बाई येऊन चारशेच्या चारशे परत करत होती, आणि शेड त्याची होत होती. एका शब्दात पुण्य आणि पदरात शेड. असा सौदा माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. शिवाय खोटं तरी कसं म्हणायचं? वडिलांचा मान राखणं खोटं असतं का? बायकोकडे त्याने बघितलं नाही. पुतणीकडे तर मुळीच नाही.

"दुसरा, आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तोच. एकदम बरोबर."

दानेश्वरीने डोळे मिटले.

ईश्वरप्पा थोरल्या मुलाच्या दिशेने वळले.

"काय म्हणालास?"

"दुसरा बरोबर आहे."

"एवड्या लवकर?"

महेश्वरने मान खाली घातली.

"मिसरूड फुटल्यापास्नं तू माझ्या हौदावर हायस," ईश्वरप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं. एकदा तरी माझ्या रंगाला एका शब्दात व्हय म्हणलास? न्हेमी आपलं, आप्पा जरा कमी, आप्पा जरा जास्त, आप्पा बाजाराला ह्यो रंग चालत न्हाय. सोन्यासारखा रंग निघाला तरी तू खोट काडणार. मला राग यायचा, पर बरंबी वाटायचं, की पोराला डोळा हाय." त्यांनी काठी जमिनीवर टेकली. "आन आज म्हणतोस एकदम बरोबर."

"आप्पा, मी..."

"म्हंजे लईच चुकलाय."

ते हौदाच्या कट्ट्याकडे गेले. हाताने चाचपून कट्टा शोधला आणि बसले. हे चाचपणं आज सगळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. इतके दिवस ते तिथेच होतं, पण कुणी बघितलं नव्हतं.

"प्रेमला," त्यांनी हाक मारली. "तुझी आण सोडवली. सांग."

प्रेमला रडायला लागली. "पहिला बरोबर आहे, मामंजी. दानूचाच बरोबर आहे."

"बिरप्पा, तू बोलला न्हाईस."

"तुमी मालक," बिरप्पा म्हणाला. "तुमी टाक म्हणला, मी टाकलं. दिसत हुतं मला चुकतंय त्ये. पर कसं म्हणू?"

ईश्वरप्पांनी मान हलवली. दानेश्वरी त्यांच्यापाशी जाऊन खाली बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो हात झटकला नाही, पण धरलाही नाही. तिला ते लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं असंही तिला वाटलं.

*

उत्कर्षा मॅडम सव्वाबाराला आल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं पुण्याचं, स्वच्छ आणि घाईचं. प्रेमलाने पाणी दिलं ते त्या उभ्यानेच प्यायल्या आणि थेट दोऱ्यांकडे गेल्या.

पहिल्या लॉटमधले सात-आठ शर्ट त्यांनी मधूनमधून काढले. एक उन्हात बघितला, एक शेडच्या सावलीत नेऊन बघितला. शिलाई उलटून बघितली, काखेतला रंग बघितला. "छान," त्या म्हणाल्या. "खरंच छान झालाय. हा उतार मला कुठे मिळाला नव्हता." मग त्या उजवीकडे वळल्या आणि त्यांची पावलं मंदावली. "आणि हे काय आहे?"

दानेश्वरीने उत्तर ठरवून ठेवलं होतं. "मॅडम, पाण्याचा प्रॉब्लेम झाला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. या लॉटला बोअरचं घ्यावं लागलं, त्यात क्षार जास्त असतात, म्हणून..."

"पाणी न्हाय," मागून ईश्वरप्पा म्हणाले.

"अज्जा, राहू द्या ना."

"पाणी न्हाय, बाईसाहेब. मी. ही हितं नव्हती, मी तिच्या मागारी लोखंड वाढवलं. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, मला काळं दिसलं न्हाय. पहिला माल हिचा हाय. दुसरा माझा."

उत्कर्षा मॅडम गोंधळल्या. मालाची अशी कबुली त्यांना कधी कुठल्या मालकाने दिली नसावी. त्यांनी दुसऱ्या लॉटमधला एक शर्ट घेतला आणि दोन हातांनी घेराशी ओढला. कापड टरकलं नाही, पण कुरकुरलं.

"लोखंड जास्त झालं की कापडही खातं," दानेश्वरी म्हणाली. "हे मी तुम्हाला देणार नाही. पुन्हा शिवून, पुन्हा रंगवून देते."

"किती दिवस?"

"वीस."

"पंधरा," मॅडम म्हणाल्या. "पहिले दोनशे आज पास करते, ते पाठवून द्या. बाकीचे पंधरा दिवसांत, आणि तेव्हा हौदावर तुम्ही स्वतः असायला हव्यात."

त्यांनी पासच्या कागदावर सही केली, दोन घास धपाटे खाल्ले, चटणी तिखट आहे म्हणाल्या, तीच बांधून मागितली, आणि गाडीत बसून गेल्या.

गाडीचा आवाज विरतो न विरतो तोच महेश्वर बोलला. त्याला बोलायचं नव्हतं, पण गोदामवाल्याला तो जवळजवळ हो म्हणून बसला होता, आणि सकाळपासूनची लाज आता उलटी होऊन बाहेर पडत होती. "शब्द चारशेचा होता, आप्पा. निम्मी ऑर्डर पास म्हणजे पास नव्हे."

"शब्द हिच्या मालाचा हुता. माझ्या मालाचा न्हाय. हिचा समदा पास झाला."

"दुसरा लॉट हिच्याच ऑर्डरीतला."

"दादा," शिवशरण म्हणाला.

सगळे वळले. शिवशरण मागेच उभा होता, पण त्याचा चेहरा लाल झाला होता. "दादा, दुसरा लॉट तिचा नव्हता. आणि तू मघाशी काय केलंस ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. आता बास."

थोरल्या भावाला बास म्हणायला त्याला पन्नाशी गाठावी लागली. महेश्वरने बायकोकडे बघितलं. प्रेमला डबे आवरत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती त्याच्या मदतीला आली नाही.

"शेड दानूची," ईश्वरप्पा म्हणाले. "झालं."

*

महेश्वर कट्ट्यावर बसलेल्या वडिलांकडे गेला. सगळे आत पानं मांडायला गेले होते. त्याला शेडचं फारसं वाटत नव्हतं, हे त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. गेली तर गेली. एकच गोष्ट सांगायची राहिली होती.

"आप्पा, मी तुमचा मान राखायला तसं म्हटलं."

"मानासाठी, का शेडसाठी?"

महेश्वर खोटं बोलू शकला असता. पण आज त्याचं खोटं चालत नव्हतं. "दोन्ही," तो म्हणाला.

"व्हय. मलाबी तसंच वाटलं." ईश्वरप्पांचा आवाज कडक नव्हता. तो कडक असता तर बरं झालं असतं. "पोरगी मला चारचौघांत आंधळा म्हणाली. लई लागलं. अजून लागतंय. पर तू मला आंधळाच ठेवायला निघालतास, महेश."

महेश्वरने त्यांचे पाय धरायला हात पुढे केला. त्यांनी तो वाटेतच धरला आणि त्याच्या आधाराने उठले. उठल्यावर हात सोडला.

"उद्या दवाखान्यात जायचं ठरवलंय. ऑपरेशन करून टाकतो. दिसंल त्ये दिसंल."

"मी सकाळी गाडी काढतो, आप्पा. किती वाजता?"

"तू नगं येऊ."

"आप्पा?"

"दानू येईल. तितं कागद असतो न्हवं, घरच्या माणसानं सही करायचा? त्याच्यावर सही ती करंल."

ते काठी टेकत जेवायला गेले. महेश्वर थोरला मुलगा होता. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर सही त्याची होती, तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावरही त्याचीच. घराच्या, कारखान्याच्या, धाकट्याच्या लग्नाच्या हॉलच्या, प्रत्येक कागदावर गेली तीस वर्षं त्याचीच सही. आतून प्रेमलाने हाक मारली, पानं वाढलीत म्हणून. तिने शिवशरणला हाक मारली, दानूला मारली, बिरप्पालाही मारली. महेश्वर थोडा वेळ आपल्या नावाची वाट बघत थांबला.